नवाबसाब कालच येऊन गेले

आधीच सांगून टाकते, म्हणजे नंतर कोणी ‘आजी, तुम्ही मुळातच भाबड्या’ म्हणायला नको. मी भाबडी नव्हते, आगाऊ होते. हैदराबादच्या एका मराठी शाळेत सातवी-आठवीला विज्ञान शिकवायचे, आणि या सदरात येतात तसले अनुभव कोणी सांगायला लागलं की मध्येच विचारायचे, “तेव्हा तुम्हाला ताप किती होता?” धाकट्या नणंदेच्या स्वप्नात सासूबाई आल्या होत्या, तर मी तिला विचारलं, रात्री जेवलीस काय होतीस? तिने वर्षभर माझ्याशी बोलणं टाकलं. बरोबरच केलं म्हणा. तेव्हाची मी आज मला भेटले तर मीही बोलणार नाही.

गेल्या महिन्यात नात मला तिच्या कुत्र्यासोबत ‘पेट पार्क’ला घेऊन गेली. हायटेक सिटीच्या बाजूला आहे. कुत्र्यांना पोहायला टाकी, उड्या मारायला टायर, माणसांना कॉफी. मी बाकावर बसले आणि तोंडातून निघून गेलं, “आमच्या मैदानात असलं काही नव्हतं बाई.”

नात म्हणाली, “आजी, तुझं कुठलं मैदान? तुला तर डॉग्ज आवडत पण नाहीत.”

तिला सांगितलं नाही. इथे लिहिते. ती मराठी बोलते फर्मास, पण वाचायला बसली की एका ओळीत दमते. त्यामुळे मी निर्धास्त...

तर — आम्ही तारनाक्याला राहायचो. बैठं घर, पुढे थोडं अंगण, डाळिंबाचं झाड. ते दिवस असे होते की टीव्हीवर रोज सांगायचे, देश खुला होतोय. आणि इकडे आमच्या ह्यांचा कारखाना बंद होत होता. गल्लीत एकाच वेळी दोन गोष्टी आल्या, केबलच्या वायरी आणि स्वेच्छानिवृत्ती. ह्यांनी ती घेतली. पहिल्याच आठवड्यात पायपुसण्याएवढं एक पिल्लू उचलून आणलं. कुठल्याच जातीचं नाही, एक कान उभा, एक पडलेला. नाव ठेवलं नवाब.

मी म्हटलं, “घरात एक रिकामा बसलाय तेवढा पुरे नाही का?”

हे हसले. फार बोलणारा माणूस नव्हता. दहा वाक्यं मी बोलायची, एक ह्यांचं, तेही “हं.”

नवाब मोठा झाला तसे हे त्याला रोज सकाळी मैदानावर न्यायला लागले. रेल्वेलाइनवरचा पादचारी पूल ओलांडून पलीकडे गेलं की कुठल्याशा कंपनीचा बंद पडलेला स्टाफ क्लब होता. त्याच्यामागे जुनं टेनिस कोर्ट. जाळी फाटलेली, तांबड्या मातीत गवत माजलेलं, पण चारी बाजूंनी भिंत शाबूत आणि एकच लोखंडी फाटक. फाटकाची कडी गेली होती म्हणून तारेचा फास. आसपासच्या वसाहतींतली कुत्री बाळगणारी माणसं सकाळी तिथे जमायची. आधी फास लावायचा, मग पट्टे सोडायचे. की सगळी जनावरं नुसती उधळायची.

तिथली एक रीत होती, ती सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही. त्या मैदानात माणसांना नाव नसे. नाव कुत्र्याला, माणूस त्याच्या मागून ओळखला जायचा. सीझर नावाचा अल्सेशियन ज्यांचा, ते सीझरसाब. ब्राउनी नावाची पॉमेरेनियन जिची, ती ब्राउनीगारू, म्हणजे तेलुगूतल्या ब्राउनीबाई. आणि आमचे हे नवाबसाब! वर्षानुवर्षं रोज सकाळी सोबत बसायचे, गप्पा मारायचे, पण आडनाव काय, घर कुठलं, कोणी कोणाला विचारलेलं नाही. हे मला आग्रह करायचे, “ये की एकदा. नवाबची अम्मा कुठंय म्हणून सगळे विचारतात.”

मी म्हणायचे, “मी कुत्र्याची अम्मा नाही.”

हे उदगीरला गेले. म्हणजे — सरळच लिहिते — पुतण्याच्या लग्नासाठी आम्ही दोघं उदगीरला गेलो आणि ह्यांना तिथेच अटॅक आला. मांडव उतरायच्या आत सगळं संपलं. दिवस तिथेच केले. मुलगा उदय पुण्याहून आला, त्यानेच सगळं केलं. मला रडू आलं नाही. जावा म्हणाल्या, रडा हो, मोकळ्या व्हा. पण दात काढायच्या आधी डॉक्टर इंजेक्शन देतो ना, तसं देणाऱ्याने मला सबंध अंगभर दिलं होतं. दिसत होतं, ऐकू येत होतं. पोचत काही नव्हतं.

तेरावं झाल्यावर उदयने मला तारनाक्याला आणून सोडलं आणि तो पुण्याला परत गेला. त्याची कॉम्प्युटरची नोकरी नवी होती, रजा नव्हती. इतके दिवस नवाबला शेजारच्या पद्माक्काने भात घातला होता. ती म्हणाली, “तुमचा कुत्रा शहाणा आहे हो. सकाळी नाकाने कडी उचलतो, जातो, आपला आपण परत येतो. एक दिवस चुकला नाही.”

मी “बरं” म्हटलं. कुठे जातो विचारलंही नाही. शाळेत रजा टाकली होती. चहा करायची, तो समोर ठेवायची, त्यावर साय धरली की ओतून द्यायची. असे दिवस जात होते. नवाब सकाळी जायचा, यायचा, ह्यांच्या खुर्चीखाली पडायचा. आम्ही दोघं एकमेकांकडे बघत नव्हतो.

मग एका रात्री उदयचा फोन आला. पुण्यात भाड्याचा फ्लॅट बघितलाय, रविवारी येतो, तुला घेऊन जातो, शाळेचं, घराचं नंतर बघू. “आणि आई, सोसायटीत कुत्रा चालत नाही. शामीरपेटला माझ्या मित्राचं फार्महाउस आहे, तिथे ठेवतील. नाहीतर तूच बघ ना कोणी घेतंय का.”

“बरं,” म्हटलं.

दुसरा दिवस तसाच गेला. नवाब एकटाच गेला आणि आला. त्याच्या दुसऱ्या दिवशी मनात आलं, शामीरपेटला परक्या माणसांत कशाला, मैदानावरच्याच कोणाला तरी देऊन टाकावा. पट्टा शोधला, त्याला बांधला आणि जन्मात पहिल्यांदा त्या मैदानावर गेले. नेलं त्यानेच. पुलाच्या पायऱ्यांवर मला असं ओढत होता की समोरून येणारा माणूस कठड्याला चिकटून उभा राहिला.

आत गेल्याबरोबर मी पट्टा सोडला, फाटक उघडं. चारही कोपऱ्यांतून ओरडा झाला. “अरे गेट! गेट!” एक उंच म्हातारे गृहस्थ, दाढी पांढरी, कुडत्यावर जुनं जाकीट, धावत आले आणि त्यांनी फास लावला. मग माझ्याकडे, मग नवाबकडे बघून खुलले.

“अच्छा! आप नवाब की अम्मा! आखिर आये आप. साब कहाँ रह गए?”

हेच ते सीझरसाब. मी काही बोलायच्या आत एक ठेंगणी बाई कडेवर पॉमेरेनियन घेऊन आली, केसांत जाई, पायात बाटाच्या चपला. ब्राउनीगारू. “नमस्कारमंडी! सर नहीं आए? कल तो अच्छे थे.”

“कल?” मी म्हटलं.

“कल इधरिच बैठे थे ना,” सीझरसाब म्हणाले. सिमेंटच्या एका बाकाकडे त्यांनी हात केला. “साब तो एक दिन नागा नै करते.” नागा म्हणजे खाडा.

आता वाचकहो, तुमच्या अंगावर काटा आला असेल. माझ्या आला नाही. मला एवढंच वाटलं, ही माणसं चुकतायत. कुत्रा एकटा येतो, आणि या लोकांना सवयीने कुत्र्याशेजारी माणूस दिसतो. सवय फार वाईट. मी वर्गात हे शिकवलेलंच होतं, डोळा अर्धं बघतो, उरलेलं मेंदू भरतो. सांगणार होते, की बाबांनो, माझा नवरा वारला. तोंड उघडलं आणि भलतंच बाहेर पडलं. “नवाबला कोणी घेईल का हो?”

सीझरसाबांचा चेहरा पडला. “हौ, साब बोले कल. इतवार को बेटा आ रा पूना से, अम्मा को लेके जा रा, नवाब को किसी फार्महाउस पे छोड़ देते बोले. बहोत उदास थे, मैडम. मैं बोला, कैकु छोड़ते साब, आप मत जाव. तो चुप बैठ गए.”

उदयचा फोन आला तेव्हा घरात मी एकटी होते. मी कोणालाही सांगितलं नव्हतं. पद्माक्कालासुद्धा नाही. बोलायला तोंडच उघडत नव्हते तर सांगणार कोणाला?

मी त्या बाकाकडे बघितलं. बाक होता. नवाब बाकापाशी गेला, हुंगलं, आणि माझ्याकडे असं बघितलं, जसं पाहुण्यांसमोर चुकीचं बोलणाऱ्या बायकोकडे नवरे बघतात.

“त्यांना... आज बरं नाही,” मी म्हटलं आणि घरी आले.

दुसऱ्या दिवशी परत गेले. तिसऱ्या दिवशीही. शास्त्रीय वृत्ती ना! म्हटलं, बघू तर. मी असताना कोणी आलं नाही. ब्राउनीगारूने तर थट्टा केली. “आप आते तो सर नहीं आते. झगड़ा हुआ क्या अंडी?” (तेलुगूतलं ‘अंडी’ म्हणजे आपलं ‘अहो’.) आणि सीझरसाब गंभीरपणे म्हणाले, “मियाँ-बीवी में एक आएगा घूमने को, एक घर देखेगा. ठीक है ना.”

मग मी एक दिवस घरी बसले. कडी नवाबच्या नाकाला सोपी जाईल अशी ठेवली. तो गेला, आला. संध्याकाळी तिकडच्या बाजारात मुद्दाम ब्राउनीगारूला गाठलं. “आज आलेले का हे?”

“आए ना! आप घर पे नहीं पूछे क्या?”

आता मात्र मला राहवेना. दुसऱ्या सकाळी नवाब निघाल्यावर मी लांबून मागे गेले. चोरासारखी, डोक्यावरून पदर घेऊन. पन्नाशी उलटलेली विज्ञानाची बाई, सुबाभळीच्या झुडपात! कोर्टाच्या मागच्या भिंतीच्या चार विटा पडून खिडकी झाली होती, तिथे डोळा लावला. तेव्हा शाळेतलं एखादं पोर तिथून गेलं असतं तर माझी उरलेली नोकरी अवघड झाली असती.

नवाब बाकाच्या कडेवर हनुवटी टेकून उभा होता. सीझरसाब बाकाच्या एका टोकाला बसले होते, दुसरं टोक मोकळं सोडून, आणि त्या मोकळ्या टोकाकडे वळून बोलत होते. एकदा हसले. जाकिटाच्या खिशातून सुपारीची डबी काढून त्यांनी पुढे केली. हात थोडा वेळ तसाच राहिला, मग डबी मिटली. ब्राउनीगारू समोरून गेली, तिने त्या बाजूला हात जोडले, काहीतरी विचारलं, मान डोलावली. नवाबचा उभा कान हळूहळू मागे चपटा झाला आणि त्याने डोळे मिटले. डोक्यावरून कोणी हात फिरवला की तो तसे मिटायचा.

मी चष्मा काढला, पदराने पुसला, परत घातला. बाकामागे टेनिसच्या जाळीचा गंजलेला खांब होता. तिथे कोणी बसलं असेल तर मागचा खांब दिसता कामा नये, हा अगदी सोपा नियम आहे. खांब दिसत होता.

भीती वाटली नाही. आनंद झाला नाही. एवढंच वाटलं की एवढ्या वर्षांची बायको मी, आणि आमंत्रण सगळ्या मैदानाला आहे, मला नाही. तेसुद्धा लांबून वाटलं, दुसऱ्या कोणाच्या तरी पायात रुतलेला काटा बघावा तसं. मग मी पदर सारखा केला, येताना कोथिंबीर घेतली आणि घरी आले.

रविवारी उदय आला. भाड्याची गाडी घेऊन, नवाबसाठी नवीन साखळी घेऊन. माझी बॅग दारात बघायला मिळेल अशी त्याची कल्पना. मी पोळ्या लाटत होते.

“आई, तयारी?”

“मी येत नाही.”

“म्हणजे?”

“म्हणजे मी येत नाही. नवाबही कुठे जात नाही.”

तो स्टुलावर बसला. वडिलांसारखाच बसतो, गुडघ्यांवर हात ठेवून. “तुला कुत्रा आवडत नाही, आई. बाबांशी तू त्यावरून आठ दिवस बोलली नव्हतीस.”

“नाहीच आवडत. घाण करतो.”

“मग?”

मग काय सांगणार? की हा कुत्रा त्या मैदानावर गेला तरच तुझे बाबा येतात? की तो शामीरपेटला गेला तर तिकडे त्या बाकावर कोणीच बसणार नाही, आणि पुण्यात तर मला कोणी सांगणारही नाही, की कालच आले होते? हे वाक्य मनात जुळवून बघितलं तर ते माझ्या धाकट्या नणंदेचं वाटलं. मी दुसरं बोलले, “त्याला सकाळी जायची सवय आहे.”

“कुत्र्याला सवय आहे म्हणून तू एकटी राहणार?”

“हं,” मी म्हटलं.

उदयने मान वर करून माझ्याकडे बघितलं. आमच्या घरात ते ‘हं’ माझं नव्हतं. तो आणखी तासभर समजावत राहिला, चिडला, एकदा डोळे पुसले. जाताना पद्माक्काला सांगून गेला की आईला धक्का बसलाय, लक्ष ठेवा. साखळी विसरून गेला. पुढे तो अमेरिकेला गेला, तिथूनही बोलवत राहिला. मी गेले नाही. लोकांना वाटलं बाईला घराची ओढ. बाई गप्प.

मैदानावर मात्र मी पुन्हा पाऊल टाकलं नाही. मी गेले की ते येत नव्हते, हिशोब उघड होता. सकाळी कडी उघडून द्यायची. नवाब पुलाकडे वळला की आत यायचं. आणि ह्यांची खुशाली मला कळायची कुठे, तर बाजारात भाजीच्या बंडीवर! ब्राउनीगारू वांगी निवडता निवडता सांगायची, आज सर हसत होते. आज सरांचा गुडघा धरला होता. आज सीझरसाबांशी क्रिकेटवरून वाद झाला. मी शेंगा मोडून बघत ऐकायची. गल्लीतल्या बायकांचे नवरे घरात होते आणि त्यांना त्यांची एवढी बातमी नसायची.

एकदा थंडीत ती म्हणाली, “सर खाँस रहे थे अंडी. देखो आप थोड़ा.”

माझ्या तोंडून सरळ निघालं, “मफलर घालायला सांगा त्यांना. ऐकत नाहीत.”

दोन दिवसांनी ती खूश होऊन सांगते, “डाले मफलर! चॉकलेटी. बहुत अच्छा दिखता.”

मी घरी येऊन ट्रंक उघडली. चॉकलेटी मफलर जिथे ठेवला होता तिथेच होता, मी घातलेल्या घडीत, डांबराच्या गोळ्यांमध्ये. झटकून बघितला, कुत्र्याचा केस नाही. नाकाला लावून बघितला. नुसत्या गोळ्यांचा वास. तो रंग मी तिला सांगितलेला नव्हता. पण आधीच्या थंडीत तिने तो बघितलेला असू शकतो, हेही मी स्वतःला सांगून टाकलं. मला सगळ्याचं कारण लावता येत होतं. एक उदयचा फोन सोडला तर.

कधीकधी मी आडून विचारायची, “घरचं काही बोलतात का हो हे? माझ्याबद्दल?”

ती विचार करायची. खरी बाई होती, मन राखायला खोटं बोलली नाही. “नहीं अंडी. सर ज़्यादा बोलते कहाँ?”

मेल्यावरही तेच! रागही आला नाही मला. राग यायला आत जागा लागते.

अशी किती वर्षं गेली. गल्लीत एकेक बैठं घर पाडून अपार्टमेंट झाली. माझी शाळा सुटली, म्हणजे मी निवृत्त झाले. नवाबचं तोंड पांढरं पडलं. पुलाच्या पायऱ्या त्याला झेपेनात, तरी जायचा, निम्म्या वाटेत बसायचा, परत उठायचा. मी खिडकीतून बघत राहायची आणि मनात म्हणायची, चल रे बाबा. आज एवढं चल. कुत्र्याला मी अशी विनवणी करत होते. ज्याला मी एके काळी पायपुसणं म्हटलं होतं.

एका सकाळी मी कडी काढली आणि तो उठला नाही. स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी डोकं ठेवून पडला होता. मी शेजारी बसले. त्याने माझ्याकडे बघितलं, दाराकडे बघितलं. थोड्या वेळाने बघायचं थांबला. पद्माक्काच्या मालकांनी डाळिंबाखाली खड्डा केला. मी त्याच्यावर जुनी चादर घातली. हात धुतले. तेव्हाही नाही आलं रडू.

दुसऱ्या सकाळी सवयीने दारात गेले, कडी काढली. पाठवायला कोणी नव्हतं. मग मीच निघाले. पूल चढले, उतरले. फाटक उघडलं, आत गेले, आणि फास आधी लावला.

सीझरसाब फार वाकले होते. त्यांच्या पायाशी दुसराच अल्सेशियन होता, तोही सीझर. ब्राउनी कधीच गेली होती, पण तिची बाई ब्राउनीगारूच राहिली होती. दोघं माझ्याकडे बघत होते. माझ्या हातात पट्टा नव्हता.

“साब नै आए कल,” सीझरसाब म्हणाले. “नवाब भी नै आया. पहली बार नागा किए.”

मला सांगायचं होतं, नवाब गेला. तेवढंच सांगायला आले होते. मी म्हटलं, “साब गुज़र गए.”

ब्राउनीगारूने तोंडावर हात ठेवला. “अय्यो... कब?”

आणि मी सांगितलं, “काल सकाळी.”

ती माझ्या गळ्यात पडून रडली. सगळी कुत्री धावायची थांबून बघायला लागली. मी तिची पाठ थोपटत होते आणि म्हणत होते, शांत व्हा, शांत व्हा.

त्या संध्याकाळी दोघं घरी आले. पहिल्यांदाच. गल्लीत विचारल्यावर पद्माक्काने त्यांना घर दाखवलं असावं. आपल्याकडे माणूस गेलं की त्या घरी चूल पेटत नाही, शेजारचे पिठलं-भात आणतात. तशी त्यांच्याकडेही काही असेलच रीत. ब्राउनीगारू स्टीलच्या डब्यात पप्पू-अन्नम घेऊन आली होती, म्हणजे आपला वरणभात. सीझरसाबांच्या हातात खिचडीचा डबा, वर फडकं बांधलेलं. दोघांनी दारात चपला काढल्या. आणि तेव्हा माझ्या लक्षात आलं, की भिंतीवरचा फोटो काढून ठेवायचा राहिला.

ह्यांचा फोटो. उदयने मोठा करून आणलेला. चंदनाचा हार, त्यावर वर्षांची धूळ, आणि खाली जन्माची तारीख, मृत्यूची तारीख, इंग्रजी आकड्यांत, ठळक.

ब्राउनीगारू स्वयंपाकघरात ताटली शोधायला गेली. सीझरसाब फोटोसमोर उभे राहिले. त्यांनी चष्मा कपाळावरून खाली ओढला. हाराकडे बघितलं. मग खाली वाचलं. बराच वेळ वाचलं. मी डब्यावरच्या फडक्याची गाठ सोडत राहिले, आणि ती सुटेना.

“वैसेच थे,” ते शेवटी म्हणाले. फोटोकडे बघूनच. “बिलकुल वैसेच. हम सब बुड्ढे हो गए.”

मी मान वर केली नाही. ते माझ्यासमोर येऊन बसले. माझ्या हातातून डबा घेतला, गाठ सोडली, ताटलीत खिचडी वाढली.

“खाना ठंडा हो रा, अम्मा,” ते म्हणाले.

मी घास घेतला. गरम होता, जीभ भाजली. आणि उदगीरला जे यायचं होतं ते तेव्हा आलं. किती वेळ ते माहीत नाही. ब्राउनीगारूने मला धरून ठेवलं होतं, आणि मी जेवत होते आणि रडत होते, दोन्ही अगदी आवाज करून, लहान मूल जेवतं तसं. सगळी खिचडी संपवली. पप्पू-अन्नमसुद्धा.

त्या मैदानावर आता अपार्टमेंट आहे. सीझरसाब गेले, ब्राउनीगारू मुलीकडे विजयवाड्याला गेली. त्या मैदानात काय होत होतं ते मला आजही सांगता येत नाही, आणि कोणी समजावून सांगायला आलं तर मी ऐकून घेईन, पण चहा मिळेल एवढीच खात्री देते. एकच माणूस होता ज्याला विचारता आलं असतं. ती तारीख वाचून त्यांनी मला काही विचारलं नाही. मग मीही त्यांना विचारलं नाही, की त्या बाकावर रोज बसायचं ते कोण.